वायंगणचा आवाज

देवाने इतरांना घसा गिळण्यासाठी आणि जमल्यास दोन शब्द बोलण्यासाठी दिला असेल. माझ्या धाकट्या चुलतभावाला तो निव्वळ ओरडण्यासाठी दिलेला आहे. पाळण्यात असताना तो रडायला लागला की तोंडवलीच्या किनाऱ्यावरचे रापणकर जाळं सोडून वर बघत, असं आमची काकू सांगते. काकू थोडं वाढवून सांगते हे मला मान्य आहे, पण आज चाळिशी ओलांडलेल्या या माणसाचं ओरडणं ऐकलं की तिने थोडं कमीच सांगितलं असावं असं वाटतं.

हा माणूस दिवसभर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो आणि संध्याकाळी एक बँड चालवतो. बँडचं नाव 'वायंगण'. पावसाळी भात काढून झाल्यावर, बाकीची शेतं रिकामी पडलेली असताना, पाण्याच्या आधाराने जे पीक घेतात ते वायंगण. "सगळ्यांचां झाल्यावर आमचां उगवता," असा त्याचा खुलासा. संगीताच्या प्रकाराला तो मेलोडिक हार्डकोअर पंक म्हणतो. मी भजनात पेटी वाजवतो, त्यामुळे या घराण्याविषयी मी अज्ञानी होतो. एकदा विचारलं तर म्हणाला, "दादा, चाल गोड आसता आणि सांगणां कडू. कडू औषद मधातसून देतत मां, तसां." मी बरीच वर्षं तो मध शोधत होतो. पण त्यांची गाणी एवढी वेगात आणि एवढी आखूड असतात, की खुर्ची ओढून आपण नीट टेकेपर्यंत गाणं संपून पुढच्याचा निम्मा भाग उरकलेला असतो. एकदा मी पान जमवायला घेतलं होतं. चुना लावला तेव्हा एक गाणं चालू होतं आणि कात घालताना तिसरं.

बँडमध्ये तो गातो आणि गिटार वाजवतो. त्याच्याखेरीज दोघे. बेस वाजवणारा वेंगुर्ल्याहून मोटारसायकलवर येतो आणि कोणाशी अवाक्षर बोलत नाही. ड्रमवर फेलिक्स गुरुजी. हे गृहस्थ शाळेत पोरांना पाढे शिकवतात आणि रविवारी मिस्साला इतके सौम्यपणे बसतात, की त्यांच्या हातात काठ्या दिल्यावर त्यांना काय होतं ते पाद्रीबाबांना खरं वाटत नाही. तालीम आंबे भरायच्या खोपीत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना गोणपाटं आणि भाताचं गवत लावलेलं आहे. आवाज बाहेर जायचा तेवढा जातोच. शिवाय म्हैस आत येऊन भिंत खाते.

स्वतंत्र बाणा हा त्याचा दुसरा आजार. कंपनी नको, प्रायोजक नको, कोणाचे उपकार नकोत. एका रिसॉर्टवाल्याने 'पर्यटकांसाठी काहीतरी मंद वाजवा' अशी विनंती केली, तर "मंद आमच्याकडे गावणा नाय, म्हापशाक बघा," असं सांगून त्याला वाटेला लावलं. गाण्यांचं ध्वनिमुद्रण काकूच्या स्वयंपाकघरात केलं, कारण तिथे आवाज घुमतो. काकूला तालमीपेक्षा डाळ महत्त्वाची, त्यामुळे एका गाण्यात कुकरच्या शिट्ट्या आल्या आहेत. बेंगळुरूच्या एका रसिकाने त्या शिट्ट्यांवर पानभर लिहून त्यात कामगारवर्गाचा आक्रोश ऐकला. काकूला मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुरीची डाळ होती ती."

या गाण्यांत एक जागा अशी असते, की गाणारा थांबतो आणि समोरच्या सगळ्यांनी मिळून ओळ ओरडायची असते. पुण्यात, गोव्यात पोरं ती जागा छपराला भोकं पडतील अशी भरून काढतात. आमच्या गावात मात्र ती कायम रिकामी. गावकरी बँड ऐकतात, पण शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसे, मान दुसरीकडे करून. आणि मुख्य म्हणजे काका ऐकत नसत. काका म्हणजे त्याचे वडील, गावचं गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांचा. जत्रेला, शिमग्याला, नव्या होडीला देवापुढे नारळ ठेवून काका खड्या आवाजात गावाची दुखणी सांगतात आणि दर थांब्याला सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. मुलाची ट्रान्सफॉर्मरवरच्या, पंचायतीवरच्या गाण्यांची तालीम सुरू झाली की ते छत्री घेऊन देवळाकडे चालू लागत. "आवाज देवान दिलो," ते म्हणत, "आणि ह्यो विजेच्या खांब्याक सांगान ऱ्हवलो." मुलाचं एकही गाणं त्यांनी पुरतं ऐकलं नव्हतं. गाणी जेमतेम दीड मिनिटाची असल्याने हे साधायला त्यांना बरीच चपळाई करावी लागली असणार. भावाने मला एकदाच, इंजिन उघडून बसला असताना, मान वर न करता सांगितलं होतं, "बाबांनी एक गाणां ऐकूक व्हयां होतां, दादा. आवडूक नको. ऐकूक."

मागच्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर क्रिकेटचे सामने होते. अंतिम सामना संपला, आणि बक्षिसाआधी वाजवायला येणारी डीजेची गाडी घाटातच बंद पडली. आयोजकांनी नाइलाजाने वायंगणला उभं केलं. काका पहिल्या रांगेत होते. त्यांना चषक द्यायचा होता, त्यामुळे पळता येईना. काठीवर हनुवटी टेकून त्यांनी डोळे मिटून घेतले.

गाणं साकवाचं होतं. त्याआधीच्या पावसात वाहून गेलेल्या आमच्या वाडीच्या साकवाचं, म्हणजे ओढ्यावरच्या लाकडी पुलाचं. दोन ओळी होतात न होतात तोच जनरेटरमधलं पेट्रोल संपलं. सगळं समालोचकाने बोलून संपवलं होतं. गिटार मेली, माइक मेला, फेलिक्स गुरुजींचे हात हवेत राहिले. भाऊ मात्र गाताना डोळे मिटतो. त्याला कसलाच पत्ता नाही. तो उघड्या गळ्याने ओरडतच राहिला, "साकव मोडलो, पोरां व्हाळातसून जातत. कागद वर गेलो, कागद खाली इलो, साकव काय इलो नाय." आणि त्याची ती ठरलेली जागा आली. तो थांबला. समुद्राखेरीज कशाचाच आवाज नव्हता.

"व्हय म्हाराजा," काका म्हणाले.

ते जन्मभर गाऱ्हाणं घालत आले. दुसऱ्याच्या गाऱ्हाण्याला 'व्हय' म्हणायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. डोळे मिटलेले असताना तोंडातून निघून गेलं. ते दचकून इकडेतिकडे बघू लागले, पण आता उपयोग नव्हता. मागच्या खुर्च्यांनी ते उचललं, हरलेल्या संघाने उचललं, मासळीवाल्या बायकांनी टोपल्या खाली ठेवून उचललं. भावाने डोळे उघडले. पुढची ओळ त्याला आठवेना. मग त्याने गाणं पहिल्यापासून घेतलं, यावेळी सावकाश, कारण दर ओळीला गाव उत्तर देत होता. गुरुजी नुसता मोठा ड्रम हळूहळू ठोकत राहिले. चाल खरोखरच गोड होती. मला रडू आलं, आणि ते मी वाळूवर ढकललं.

परतताना रिक्षात मी बापलेकांच्या मधे बसलो होतो. काकांनी काठी गुडघ्यांत उभी धरली. मग म्हणाले, "शब्द बरे आसत. पण मागणां खंय आसा? नुसती दुखणी सांगान फाटी फिराचां नसता. शेवटाक मागूचां लागता." पुढच्या वळणावर म्हणाले, "येत्या जत्रेक गाऱ्हाणां तू घाल. माझो आवाज आता मागच्या माणसापर्यंत पोचणा नाय."

"तुमी आसास मां, बाबा. माका कित्याक?"

"आसंय म्हणानच सांगतंय. नसलंय तर शिकवतलो कोण?"

भाऊ बाहेर माडांकडे बघत राहिला. ट्रान्सफॉर्मरपासून पंचायतीपर्यंत सगळ्यांवर ओरडलेला तो माणूस अखेर 'व्हय' म्हणाला, ते इतक्या हळू की मी मधे होतो म्हणून मला कळलं. काकांचा कान अलीकडे फारसा चालत नाही. मी त्यांच्याकडे वळून सांगायला लागलो, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ऐकलंय," ते म्हणाले.