खिळ्यावरची चावी

कामथडीच्या फाट्यावर लियाकतचं दुरुस्तीचं दुकान होतं. टेप, टीव्ही, टेम्पोचा हॉर्न, काहीही बिघडलं की लोक त्याच्याकडे टाकून जात. शिक्षण दहावी नापास. पण पंचेचाळिसाव्या वर्षी, दोन हजार सहा साली, त्यानं भोरच्या सायबर कॅफेत बसून मायक्रोकंट्रोलर शिकून घेतला. एवढीशी चिप. आपण एकदा तिच्यात लिहून ठेवलं की ती तेवढंच करते, याचं त्याला भारी नवल वाटे.

घर गावात होतं. भिंतीला भिंत लागून भागूबाई राहायची. तिचं माहेर वेल्ह्याच्या डोंगरातलं, मेंढरं राखणाऱ्यांचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. लियाकतच्या घराची दुसरी चावी बावीस वर्षं तिच्या चुलीजवळच्या खिळ्यावर असे. तो दुकानात आणि बायको अजरा माहेरी शिवऱ्याला गेली, की दूध भागूबाईनं आत ठेवायचं, कोंबड्या तिनंच डालायच्या. हे कुणी ठरवलं नव्हतं.

पुढं तिचे गुडघे गेले. त्याच्या दाराच्या दोन पायऱ्या चढायच्या तर ती भिंतीला धरून उभी राही. ते बघून लियाकतच्या डोक्यात कुलूप शिरलं. बाहेर बटणांची पाटी. आकडे जुळले की आतला खटका सरकणार, दार उघडणार. आणि तशीच दुसरी पाटी भागूबाईकडे, एका डबीत. मधे वायर नाही, रेडिओ. दूधवाला आला की मावशीनं चुलीपुढून बटणं दाबायची, बस्स.

"मावशीला आकडे कुठं येतात?" अजरा म्हणाली.

"मेंढरांवरच्या रंगाच्या खुणा येतात की."

त्यानं बटणांवर रंगाचे ठिपके काढले. लाल, निळा, लाल, हिरवा. मोठ्या हौसेनं.

"तिला आत्ता बोलू नकोस," त्यानं अजराला बजावलं. "एकदमच हातात देऊ."

त्याच आठवड्यात अजराच्या कानातली बाळी हरवली. दोन दिवस तिनं घर उलथंपालथं केलं. तिसऱ्या दिवशी अंगणात उभी राहून भागूबाईला विचारलं, "मावशी, तुमी आत गेला होता तवा कुठं दिसली का हो?" मनात काही नव्हतं.

"न्हाई गं बाई," भागूबाई म्हणाली.

चौथ्या दिवशी बाळी तांदळाच्या डब्यात सापडली.

"मावशीला सांगून येऊ का?"

"थांब," लियाकत म्हणाला. खटका बसवण्यात त्याचं सगळं चित्त होतं. "कुलूप झालं की सगळं एकदमच सांगू."

दुसऱ्या दिवशी जुनं कुलूप निघालं. तो भागूबाईच्या दारात गेला. ओठांवरचं हसू त्यानं दाबून धरलेलं.

"मावशी, ती चावी द्या. आता लागायची न्हाई."

भागूबाईनं त्याच्याकडे बघितलं. उठली, खिळ्यावरची चावी काढली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातावर ठेवली.

दारावर पाटी बसली. गाव बघायला आलं. भागूबाई आली नाही. लियाकतला वाटलं, गुडघे दुखत असतील. तिची डबी अजून नीट चालत नव्हती. पत्र्याच्या छपरामुळं रेडिओ मधेच तुटे. त्यानं रिसीव्हरची तार बदलली, सतरा सेंटिमीटरची केली, जागा बदलली. यात तीन आठवडे गेले. डबी एकदाची पक्की चालली, त्या दिवशी तो ती घेऊन भिंतीपलीकडे गेला. दाराला कडी होती. भागूबाईचा भाऊ रखमाजी येऊन तिला घेऊन गेला होता. कायमची.

"जाताना म्हणाली," समोरची बाळाबाई सांगत होती, "बावीस वर्सं चावी राखली आन् शेवटी चोर ठरले."

लियाकत तिथंच पायरीवर बसला.

रविवारी तो वेल्ह्याच्या एसटीनं गेला. शेवटचा चढ पायी. भागूबाई मेंढरांच्या वाड्याच्या कुंपणाला टेकून बसली होती. आत कोकरं ओरडत होती.

"या," ती म्हणाली. "बसा."

बावीस वर्षांत तिनं त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

त्यानं सगळं सांगितलं. बाळी, तांदळाचा डबा, पत्रा, तार. सांगता सांगता त्यालाच ते खोटं वाटायला लागलं. मग त्यानं पिशवीतून डबी काढून तिच्या मांडीवर ठेवली.

"ही तुमच्यासाठीच केली व्हती. तवाच बोलायला पायजे होतं मी."

तिनं ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"आरं, मेंढरं रंगवलीस व्हय ही?"

"लाल, निळा, लाल, हिरवा. या क्रमानं दाबायचं."

तिनं दाबलं. एकही चूक नाही. डबीवरचा बारका दिवा लागला.

"उघडलं का दार?"

"न्हाई, मावशी. हितनं न्हाई पोचत. भिंतीपलीकडनंच तेवढं उघडतंय."

"मग आता काय उपेग," ती म्हणाली. रागानं नाही.

"चला की परत. मी न्यायला आलोय."

तिनं मान हलवली. "उद्या परत काय हरवलं, तर अजरा मला इचारायची न्हाई. भिऊन गप बसंल. ते मला सोसायचं न्हाई, लियाकत."

रखमाजीच्या सुनेनं चहा आणला. त्यानं तो घेतला. निघताना भागूबाईनं डबी पदरानं पुसली आणि त्याच्या हातावर ठेवली.