अध्यक्षांचा फोटो कुणी कापला

बारक्यानं शी केली म्हणून मी अध्यक्ष झाले. खोटं न्हाय सांगत.

आमच्या गावच्या मराठी शाळेत पालकांची सभा हुती, थोरली माझी तिथं दुसरीत हाय. शाळेची समिती नेमायची हुती आन् औंदा अध्यक्ष बाईमाणूस घ्या असं वरनं सांगणं आलतं. सगळ्या बाया माना खाली घालून सतरंजीची दोरं उपसत बसल्याल्या. मी पार मागं, मांडीवर सात महिन्याचं बारकं. त्येनं नेमकी त्याच टायमाला घाण केली, मला वल्लं लागलं, मी उठले. उठले तशा पुढनं टाळ्याच पडल्या.

"अरं वा, वहिनी उठल्या की! असं पायजे, बाईमाणसानं असं पुढं यायला पायजे!"

हे बोललं ते काका. काका म्हंजे आमच्या गावात कुठलीबी समिती असूद्या, तिचं उपाध्यक्ष तेच असतात. पांढरी कापडं, खिशाला दोन पेनं, नातू शाळेत म्हणून पालक. मी म्हणाय गेले, न्हाय वो काका, मी धुवायला चाललेय, पण टाळ्यांत कुणाला काय ऐकू येतंय. नळावर बारक्याला धुतलं, परत आले तवर फळ्यावर माझं नाव लिवलं हुतं. आठवी शिकल्याली मी, त्यातबी वार्षिक परीक्षेच्या आधी शाळा सुटली, आन् नावापुढं अध्यक्ष. मी बारक्याला नुस्तं वर-खाली हलवत उभी ऱ्हायले. बारक्याला वाटलं मी त्येला खेळवतीय, ते हसलं.

खरं सांगायचं तर त्या सभेत मला एकच गोष्ट इचारायची हुती आन् ती इचारायचं धाडस हुईना म्हणूनच मी मागं बसलेते.

आमची शाळा रस्त्याला चिकटून हाय. फाटकातनं पाऊल बाहेर टाकलं की कारखान्याचा रस्ता आन् डाव्या अंगाला वळण. हंगाम लागला की उसाचे ट्रॅक्टर सुरू, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या, वर टेप एवढ्या मोठ्यांदा की डायवरला सोताचा हॉर्न ऐकू येत नसंल. आन् आमच्याकडची पोरं, ट्रॉली दिसली की पळत जाऊन ऊस वडणार. सगळ्यांनी वडलाय, त्येंच्या बापांनी वडलाय. दिवाळी झाल्यावर एक दिवस मी थोरलीला आणायला गेलते, तर लांबनंच दिसलं, पोरगी पहिल्या ट्रॉलीच्या उसाला लोंबकळतीय. ऊस निघंना आन् ही सोडंना. आन् तिच्या मागनं दुसरी ट्रॉली येतीय. तेवढ्यात ऊस मोडला, पोरगी बाजूला पडली आन् चाक तिच्या चपलेवरनं गेलं. चप्पल तेवढी गेली. उठली आन् मला ऊस दाखवला.

"आई, बघ, केवढा!"

मी तिला मारलं, मग पोटाशी धरलं, मग परत मारलं. तवापासनं शाळा सुटायच्या आधी अर्धा तास मी दारात येरझाऱ्या घालाय लागते. भाकरी तव्यावर असली तर तशीच करपती. सासूबाई, त्यास्नी मी आत्ती म्हणते, त्या म्हणतात, "जा बाई, जा तुझ्या ड्यूटीवर, भाकरी मी बघते."

अध्यक्ष झाले तसं कोल्हापूरला शिबिराला बोलावणं आलं. समितीच्या अध्यक्षांना पुढारपण शिकवायचं म्हणून. बारक्याला काखंत मारून गेले. एक सर पडद्यावर एकेक गुण दाखवत हुतं. नेता निर्भय असतो. नेता ठाम बोलतो. नेता झटकन निर्णय घेतो आन् घेतला की मागं वळून बघत न्हाय. नेता सकाळी लवकर उठून शांत बसतो. मी वहीत सगळं लिवून घेतलं आन् एकेकाम्होरं फुली मारत गेले. सकाळी लवकर उठते, पण शांत बसायचं म्हटलं तर म्हशी काय म्हणतील. आन् मागं वळून बघत न्हाय म्हणं. मी तर कुलूप लावलं तरी तीनदा बघून येते. गॅस बंद केलाय का म्हणून अर्ध्या वाटंतनं माघारी येते. थोरलीला फाटकात सोडून आले तरी परत जाऊन खिडकीतनं बघते, वर्गात हाय का.

मग सर म्हणालं, डोळं मिटा आन् आपण उंच शिखरावर उभं हाय असं बघा. मी मिटलं. मला दुसरी ट्रॉली दिसली. डोळं उघडलं तर सर माझ्याम्होरंच.

"ताई, तुमच्यातला सगळ्यात मोठा गुण कोणता, सांगा."

"मला भ्या वाटतं, सर."

"भीतीवर मात करायची, ताई!"

"किती दिवसांत, सर?"

सगळा हॉल हसला. मी काय हसायसारखं बोलले मला आजून कळलं न्हाय, मला खरंच तारीख पायजे हुती. मे उजाडला तर कारखान्याचा हंगामच संपायचा, मग भ्या जाऊन काय उपेग.

पहिल्या मीटिंगला मी चिठ्ठीवर लिवून नेलतं, आन् चिठ्ठी बघून वाचलं. शाळा सुटताना कुणीतरी रस्त्यावर उभं ऱ्हावं, ट्रॅक्टर थांबवावं, पोरांना पलीकडं सोडावं. एवढंच. मीटिंगला चौघं बाप्ये, मी आन् शाळेच्या मोठ्या बाई.

काका हसलं. "वहिनी, आमी ऊस वडला न्हाय व्हय? मेलो का आमी?"

"त्यो वाडीवरचा पोरगा ऊस वडतानाच मेलता की," एकजण म्हणाला.

"त्येचं सोड. त्यो मुळातच येडा हुता," काकांनी झटकून टाकलं.

काकांच्यात मात्र शिबिरातले सगळे गुण हायत. निर्भय, ठाम, झटकन निर्णय. "रोज कोण उभारणार उन्हात? कायमचा तोडगा काढायचा. फलक लावायचा, दहा बाय पंधरा, 'वाहने सावकाश चालवा'. वळणावरच. सायेबांचा फोटो टाकू, म्हंजे डायवर लोक वचकतील." सायेब म्हंजे काकांचं पुढारी, त्येंच्यामागं काका गेली कितीतरी वर्षं फिरतात. मोठ्या बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी मोठ्या बाईंकडं. ठराव पास झाला. सही मी केली, अध्यक्ष म्हणून, गोल अक्षरात.

फलक आला. मधी सायेब, गॉगल, कानाला फोन लावल्याला. त्येंच्या डोक्यावर आजून मोठ्या सायेबांची दोन मुंडकी. बाजूला काका, हात जोडल्यालं. 'वाहने सावकाश चालवा' ह्ये शब्द सायेबांच्या बुटाखाली, वाचायला गाडी थांबवून उतरायला लागंल एवढं. खाली समितीतले दोघं आन् त्येंच्या शेजारी, रस्त्याकडच्या कोपऱ्यात, मी. माझा फोटो मालकांनी दिलता, लग्नातला. मालकांना कापून काढल्यालं, पण माझ्या खांद्यावरचा त्येंचा हात तसाच ऱ्हायलेला. बघणारा म्हणंल, ह्या बाईच्या खांद्यावर कुणाचा हात हाय. आत्ती बघून आल्या आन् म्हणाल्या, "हात बरा आलाय."

नारळ फोडला, पेढं वाटलं, फटाकं लावलं. फटाक्यांनी बारकं रडायला लागलं म्हणून मी त्येला घेऊन फाटकात आले आन् सवयीनं डाव्या अंगाला बघितलं. तर वळणच न्हाय. वळण गेलं कुठं? जिथं लांबनं ट्रॅक्टर दिसायचा तिथं आता सायेब. आन् सायेबांच्या आडनं, टेप वाजवत, एकदम ट्रॅक्टरच पुढ्यात आला. पोरं पेढं घेऊन रस्त्याच्या कडंला. डायवरनं करकचून ब्रेक मारला. खाली उतरला, लांबच्या मुलखातला माणूस, घामानं डबडबल्याला.

"कुणाचा हाय ह्यो फलक? पोरं दिसत न्हाईत की मला! हितं सावकाश चालवा लिवताय व्हय? लिवायसाठी रस्ता झाकताय?"

काकांनी त्येला पेढा दिला. "पावणं, खावा. आन् सायेबांच्या फलकाला नाव ठिवायचं न्हाय."

मी त्या रात्री नुस्ती कूस बदलत हुते. सकाळी मोठ्या बाईंकडं गेले. म्हटलं, बाई, फलक हलवायला लागतोय. त्या म्हणाल्या, "मी नोकरीतली बाई. सायबाचा फोटो उतरवला तर माझी बदली पार डोंगरात. तूच काकांशी बोल." काकांकडं गेले. दारात तीन घोट पाणी पिलं तवा तोंड उघडलं. काका म्हणालं, "वहिनी, फलक उतरवायचा म्हंजे काय कळतंय का? इरोधक हसतील. पुढच्या महिन्यात सायेबांचा वाढदिवस, तवर न्हायच न्हाय. त्येच्यावरच वाढदिवसाचं चिकटवायचं ठरलंय." मालकांना सांगितलं तर ते म्हणालं, "तुझा फोटो लागलाय न्हवं, गप बस की."

तिसऱ्या दिवशी थोरली घरी आली ती गुडघं फुटून. मी तिला पाणी लावत इचारलं.

"आई, ट्रॅक्टर दिसत न्हाय ना, म्हणून आमी आता पळत जातो. त्यो दिसायच्या आधी पलीकडं पोचायला पायजे."

माझ्या हातातनं तांब्या पडला.

दुसऱ्या दिवशी पोरं वर्गात गेल्यावर मी वैरणीचा विळा घेतला. पाय आपोआप चालत हुतं, मन घरी ऱ्हायलंतं. फाटकात थोरलीच्या उंचीएवढी वाकले आन् बघितलं, तिच्या डोळ्याम्होरं नेमकं काय येतंय. तर मीच येत हुते. लग्नातली, नटल्याली, रस्त्यावरच बसल्यागत. सायेब वर, मोठं सायेब त्याहून वर, त्येंच्यामागं नुसतं आभाळ. वळण झाकलंय ते मी.

मग जीव जरा थाऱ्यावर आला. म्हटलं, सायेबाला हात लावायची आपली टाप न्हाय, काकांना लावायची न्हाय, पण आपल्या तोंडाला तरी लावता येतंय का न्हाय? कुणी बघितलं तर सांगायचं, वारा जायला चीर पाडतेय, फ्लेक्सला पाडतात तशी. विळा घातला. फ्लेक्स चरचरत गेला, तो आवाज मला गावभर ऐकू गेला असं वाटलं. चारी बाजूंनी कापला, मालकांच्या हातासकट. त्या चौकटीतनं लांबपतूर रस्ता दिसला, वळणाच्या पलीकडची चिंचंबी. माझं तोंड मी घडी करून पिशवीत घातलं आन् पळत घरी. नंतर ते म्हशीच्या गोठ्यात गळतंय तिथं लावलं.

मला वाटलं झालं. कसलं झालं. दुपारपतूर गावात बोंब, फलक फाडला! काका चौकात उभं, तोंड लाल. "महिला अध्यक्षांचा फोटो फाडलाय, ह्यो समद्या स्त्रीजातीचा अपमान हाय! इरोधकांचं काम हाय! उद्या गाव बंद!" पोरं मोटरसायकली काढायला लागली. पलीकडच्या गटातल्या दोघांच्या दारात शिव्या सुरू झाल्या. मी चौकाच्या कडंला बारक्याला छातीशी धरून भिंतीला चिकटले. गप बसले तर डोकी फुटणार, बोलले तर माझं फुटणार. बोलले कशी मला ठावं न्हाय.

"काका, मीच कापला."

काका माझ्याकडं वळलं.

"का?"

आता खरं सांगायचं तर रस्ता सांगायला लागणार, रस्ता सांगितला की सायेब मधी येणार. माझ्या तोंडातनं आलं, "मला लाज वाटत हुती. तेवढ्या थोर माणसात माझा फोटो."

काकांनी डोळं पुसलं, खरंच पुसलं. "ऐकलं का रं? ह्येला म्हणत्यात पुढारी! प्रसिद्धीची हाव न्हाय! न्हायतर आजकालचं लोक!" मग त्यागावर किती वेळ बोललं. माझ्यासारखं निर्भय माणूस गावात न्हाय म्हणालं. मला तवा उभं ऱ्हायला भिंत पायजे हुती. तेवढं बोलून बाकी कुणी सोताचा फोटो काही कापला न्हाय, मी वाट बघितली जरा. माझ्याशेजारच्या त्या दोघांनी कापले असते तर आजून लांबचं दिसलं असतं.

आता काका दर मीटिंगला माझं उदाहरण देतात. सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर मला माइकम्होरं उभं केलं, पुढाऱ्यानं कसं असावं ते चार शब्दांत सांगा म्हणालं. म्होरं पोरं, हातात जिलेबीच्या पुड्या, आन् सुट्टी झाल्याली, समद्यांचं पाय फाटकाकडं. रस्त्याकडनं टेपचा आवाज यायला लागला. मी "नमस्कार" म्हटलं आन् माइक काकांच्या हातात देऊन पळाले, बारकं काखंत. मागनं टाळ्या ऐकू आल्या.

फाटकात पोचले तर थोरली वाकून त्या चौकटीतनं बघत हुती, दोन्ही हात आडवं पसरून, मागची सगळी पोरं अडवून. मी पुढं पाऊल टाकलं तसं तिनं मला वरडून सांगितलं, "आई, थांब की! दोन ट्रॉल्या हायत!"

थांबले. पहिली गेली. दुसरी गेली. तिच्या हाताचं नख माझ्या पोटात रुतत हुतं आन् मी तसंच रुतू दिलं. ट्रॉल्या गेल्यावर तिनं हात खाली घेतलं, पोरांना "चला" म्हणाली आन् मला म्हणाली, "एक ऊस तेवढा वडला असता, पण तू आलीस."

हंगाम संपायला आजून दीड महिना हाय.