माझ्या मागं धापा टाकणारा

मलकपेठच्या मैदानावर मी रोज सकाळी दहा फेऱ्या पळतो. महिनाभर एक माणूस माझ्या दोन पावलं मागंच पळायचा. धापा टाकायचा, बरगडी दाबायचा, पण पुढं जायचा नाही. मला वाटलं, माझ्या पोरानंच याला पाळतीवर ठेवला; म्हातारं दमलं असं कळलं, की माझं पळणं बंद करायला.

एकदा सातव्या फेरीला माझ्याच बरगडीत चमक निघाली. मी थांबून गरजलो, "कायकू पीछे पडलास रे?"

"चाचा, रुको नक्को!" तो वाकून म्हणाला. "तुमच्या पावलांवर मी श्वास मोजतो. तुम्ही थांबलात की माझ्या बरगडीत कळ येते."

बरगडी दाबून मी उरलेल्या फेऱ्या पळालो. तो खरं बोलला, की माझी चमक ओळखून मला पळतं ठेवायला थाप मारली, ते अजून कळलं नाही.