पायातली बासरी

३ ऑगस्ट. उद्या रिसायकलिंगचा पिवळा बिन रिकामा करायला गाडी येईल, म्हणून कोशकाकांचे कागद निवडत बसले आहे. काका गेल्या महिन्यात पुण्यात वारले. त्यांची मुलगी इथे परदेशात, रिकार्टनमध्ये, आमची शेजारीण. "बाबांचं काही हवं असेल तर ठेव, बाकी रिसायकलिंग," म्हणून खोकं देऊन गेली.

कोशकाका कुणालाही 'कसे आहात' विचारत नसत. 'काय दुखतंय?' विचारत. दुखणं सांगितलं की खिशातून वही निघे. पुण्यात ते मेडिकल कॉलेजचे ग्रंथपाल होते. इथे मुलीकडे आले की डबा घेऊन रोज युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जात आणि चारशे वर्षांपूर्वीचे लॅटिन-इंग्रजी कोश वाचत. त्या छपाईत एस हे अक्षर एफसारखं दिसतं. काका ते तसंच मोठ्याने वाचत आणि बोबडे वाटत.

"कोशवाले शहाणे होते," ते म्हणत. "शाळेतल्या पोरांना शरीर समजवायला घरातल्याच वस्तू काढायचे. मसल म्हणजे मुळात लहानसा उंदीर."

"दंडात उंदीर?"

"आपल्या दंडात बेडकी असते की. त्यांच्याकडे उंदीर जास्त असतील."

दोन वर्षांपूर्वी सासूबाई जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून दंव पडलेल्या पायरीवर गेल्या आणि आपटल्या. पॅटेला मोडला, ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी सही करायला नकार दिला.

"माझ्या गुडघ्यात हा पटेल कुठून आला? मला पुण्याचं तिकीट काढून द्या."

ऑपरेशन झालं नसतं तर तो पाय पुन्हा सरळ उचलता आला नसता. मी नर्स. तासभर फ्रॅक्चर, फिक्सेशन, रिहॅब सगळं समजावलं. त्यांचा चेहरा आणखी उतरला.

तेवढ्यात काका चहाचा थर्मास घेऊन आले. खुर्ची ओढून बसले.

"वहिनी, जुन्या कोशात पॅटेला म्हणजे लहान पसरट भांडं. तुमच्या गुडघ्याची वाटी फुटलीय. दोन तुकडे झालेत. तारेने बांधायचे."

"एवढंच? मग ही मघापासून काय बोलत होती?" सासूबाईंनी माझ्याकडे बघत पेन मागितलं.

बाहेर आल्यावर काकांनी मला सुनावलं. "शब्द मोठा असला की दुखणंही मोठं वाटतं. पेशंटशी बोलताना एवढं लक्षात ठेव." मला राग आला होता. बरोबर होते ते, म्हणून जास्तच.

सासूबाई आता काठीशिवाय डेअरीतून दूध आणतात.

वही खोक्याच्या तळाशी सापडली. तीन रकाने: लॅटिन, कोशातला अर्थ, मराठी. 'टिबिया: बासरी: नडगी, पायाची नळी.' त्याखाली टिबियाशेजारचं बारीक हाड, 'फिब्युला: कपड्याला लावायची पिन'. तिसरा रकाना कोरा. काकांना मराठी शब्द मिळालेला नसावा. मटार सोलत बसलेल्या सासूबाईंना विचारलं.

"पिन ना? मग टाचणी लिही. त्यात काय एवढं."

४ ऑगस्ट. सकाळी कोऱ्या जागी 'टाचणी' लिहिलं, पिवळा बिन रस्त्यावर ठेवला आणि वही पर्समध्ये टाकून कामावर गेले. वॉर्डात लेकाकडे आलेल्या नांदेडच्या एक आजी होत्या. घाबरून पांघरूण घट्ट धरून बसलेल्या. त्यांचा एक्स-रे बघितला आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले.

"आजी, पायातली टाचणी मोडलीय. बासरी शाबूत आहे."