बोंडअळीच्या पोटातली मेरी क्युरी

सुहासिनीबाई मुळमुळ्यांना बसलेलं पाहिलेला माणूस नागपुरात शोधावा लागेल. चहा त्या उभ्याने पितात, भाजी येरझारा घालत निवडतात, आणि टीव्हीवरची पहिली बातमी संपायच्या आत गच्चीवरचे कपडे घडी होऊन कपाटात गेलेले असतात. मुळमुळे हे आडनाव त्यांना लग्नात मिळालं, पण घरात त्यांनी त्याचं काही चालू दिलं नाही. यजमान गिरिधरराव ते दोघांच्याही वाटचं एकटे चालवतात.

बाई एकतीस वर्षं शहरातल्या एका जुन्या संस्थेत नोकरीला होत्या. ही संस्था रेडिओसाठी शेतीसल्ले आणि रूपकं तयार करायची. अर्ध्या तासात गॅलिलिओ, अर्ध्या तासात रेशीममार्ग, अर्ध्या तासात सुएझचा कालवा खणून मोकळा. त्या सगळ्या ध्वनिफितींचं भांडार बाईंच्या ताब्यात. डब्यावरच्या चिठ्ठीत कुणी तारीख चुकवली तर बाई त्याला जेवणाच्या सुट्टीतून उठवून आणायच्या. संस्थेतली मोठमोठी निवेदक मंडळी माइकला घाबरत नसत, बाईंच्या नोंदवहीला घाबरत.

तर अशा बाईंना गुरुवारी सकाळी संस्थेतून पियुषचा फोन आला. पियुष म्हणजे तिथला नवा डिजिटल अधिकारी, वय सत्तावीस. त्याने दोन आनंदाच्या बातम्या दिल्या. पहिली, इतिहास, संस्कृती आणि थोरांची चरित्रं अशी नोंद असलेल्या सगळ्या फिती आता संगणकावर चढणार, जगात कुणालाही ऐकता येणार. शेतीच्या चारशे बारा फिती तेवढ्या सोमवारी भंगारात जातील, कारण त्यांत सांगितलेल्या निम्म्या औषधांवर आता बंदी आहे; ऐकून कुणी फवारली तर पंचाईत. दुसरी बातमी अशी की शनिवारी संस्थेचा समारंभ आहे आणि त्यात बाईंचा सत्कार आहे. एकतीस वर्षांच्या नोंदींत एकही चूक न केल्याबद्दल.

बाईंनी फोन ठेवला आणि झाडलेलं घर पुन्हा झाडलं. मग तिसऱ्यांदा झाडायला घेतलं तेव्हा गिरिधररावांनी पाय वर उचलून काय झालं ते विचारलं, आणि लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर त्यांना कळलं की आपली बायको अट्टल लबाड आहे.

भानगड अशी. बाईंच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात संस्थेचा नियम होता की रूपक प्रसारित झालं की दोन वर्षांनी पुसायचं आणि तीच फीत पुन्हा वापरायची. शेतीच्या फिती मात्र कायम जपायच्या. एका दुपारी पुसायच्या गठ्ठ्यात मेरी क्युरी आली आणि बाईंच्याने ते होईना. त्यांनी डब्यावरची चिठ्ठी काढली आणि आपल्या वळणदार अक्षरात नवी लिहिली: ‘कपाशीवरील बोंडअळी, भाग तीन’. पुढे गॅलिलिओ संत्र्याच्या फळगळीत लपला आणि मॅगेलन जहाजासकट तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीत.

तेव्हाचे सचिव सुमंतसाहेब कधीही येऊन कुठलाही डबा काढायचे आणि मिनिटभर ऐकून बघायचे. म्हणून तंत्रज्ञ रामाजीने प्रत्येक फितीच्या सुरुवातीला ब्लेडने कापून, पट्टीने चिकटवून दोन मिनिटांचा खराखुरा शेतीसल्ला जोडून ठेवला. कोऱ्या फिती कमी का पडतात, असं कुणी विचारलं की रामाजी शांतपणे सांगायचा, उंदरं खाऊन राहिले साहेब. लपवलेल्या फितींची यादी दोघांनीही केली नाही. यादी म्हणजे पुरावा.

गिरिधररावांनी सगळं ऐकून घेतलं आणि सल्ला दिला की आधी सत्कार होऊ द्यावा, आलूबोंडा खाऊन घ्यावा, मग सावकाश सांगावं. बाई तेवढ्यात चपला घालून बाहेर पडल्या होत्या.

रामाजी निवृत्तीनंतर पारशिवनीजवळ गावी शेती करतो. बाई एसटीने गेल्या, अर्धी गाडी रिकामी असून दांडी धरून उभ्याने गेल्या. रामाजी वांग्यांत होता. त्याने त्यांना बांधावर सावलीला बसायला पोतं टाकलं, बाई त्या पोत्याभोवती फिरत बोलल्या, की उद्या आपण सगळं कबूल करणार आणि त्यात त्याचंही नाव येणार.

रामाजी म्हणाला, “एवढ्यासाठी काहून धावत आल्या बाई? माह्या नावावर टाका ना. म्हणा, रामाजीनं केलं. मले कोण शाल देऊन राहिलं?”

“अक्षर माझं आहे, रामाजी.”

“अक्षर कोण पाह्यते आता? सारे टाईपच करून राहिले.”

इतकी वर्षं दोघांनी पाप निम्मं निम्मं वाहिलं होतं. आता हा माणूस सगळंच डोक्यावर घ्यायला निघाला, तर बाईंनाच त्याचा राग आला. कष्ट त्याचे असतील, पण लबाडीची कल्पना आपली होती आणि ती दुसऱ्याच्या नावावर जाऊ देणं त्यांच्या नोंदवहीत बसेना. पिशवीभर वांगी घेऊन त्या फणफणत परतल्या.

शुक्रवारी दहाला त्या पियुषसमोर होत्या. त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. पियुषच्या चेहऱ्यावर, आजीने चष्मा फ्रीजमध्ये ठेवल्यावर नातवाच्या चेहऱ्यावर येतं तसं काहीतरी आलं. त्याने पाणी मागवलं. बाईंनी स्वतः शिडी लावून बोंडअळी भाग तीन काढली आणि जुन्या यंत्रावर चढवली.

“शेतकरी बंधूंनो,” एक दणकट आवाज निघाला आणि बोंडाला पडलेल्या छिद्रांबद्दल बोलू लागला. अर्धं मिनिट झालं. आवाज औषधाच्या प्रमाणावर आला. मिनिट झालं. पियुषने समजूतदारपणे बटणाकडे हात नेला, अगदी सुमंतसाहेबांसारखा.

बाईंनी त्याचं मनगट धरलं. “आणखी एक मिनिट बसा. मी बसले आहे ना?”

त्या खरोखरच बसल्या होत्या. पियुषला त्याचं महत्त्व कळण्याचं काही कारण नव्हतं, पण पकड अशी होती की तोही बसला. अळीने दुसरं बोंड पोखरलं. मग यंत्रात बारीकशी खुट्ट झाली, कुणीतरी श्वास घेतला, आणि एका बाईचा आवाज म्हणाला की पॅरिसमधल्या त्या गळक्या शेडमध्ये मेरी लोखंडी सळईने उकळतं खनिज ढवळत होती, सळई तिच्याइतकीच उंच होती.

अर्धा तास दोघांपैकी कुणी हललं नाही. पाणी घेऊन आलेला माणूसही तिथेच उभा राहिला.

फीत संपल्यावर पियुषने अशा किती आहेत ते विचारलं. ऐंशी असतील, नव्वद असतील. कुठल्या? ते बाईंना माहीत नव्हतं. इतकी वर्षं अळ्यांच्याच नावांनी लक्षात ठेवल्यामुळे खरी अळी कुठली आणि खोटी कुठली हे आता त्यांनाही सांगता येईना.

पियुष मुलगा चांगला. त्याने खणातून एक छापील नमुना काढला. ‘सदर नोंद नजरचुकीने झाली असून ती दुरुस्त करण्यात यावी.’ खाली सही केली की काम झालं, फिती वाचतील, आणि नव्वद नजरचुका म्हणजे काही फार नव्हेत, समारंभही होऊन जाईल, असं तो म्हणाला.

बाईंनी कागद वाचला. ‘नजरचुकीने’ या शब्दावर सरळ रेघ मारली आणि वर त्याच वळणदार अक्षरात लिहिलं, ‘जाणूनबुजून’. मग सही, तारीख, वेळ.

“मॅडम, आता हे मला वर कळवावं लागेल.”

“मग कळवा.”

शनिवारी बाईंची शाल एका माजी निवेदकाला मिळाली. निमंत्रण दोघांचं होतं म्हणून गिरिधरराव एकटेच जाऊन आले. त्यांनी दोन आलूबोंडे खाल्ले आणि शाल हलकी होती असं घरी येऊन सांगितलं. संस्थेने भंगारवाल्याला महिनाभर थांबवलं, पण अट घातली: ज्यांनी नोंदी बिघडवल्या त्यांनीच चारशे बारा फिती स्वतः ऐकून निवडाव्यात, प्रत्येकी किमान तीन मिनिटं. बसून.

सोमवारी सकाळी बाईंनी पहिला डबा काढला. ‘गव्हावरील तांबेरा.’ कानाला हेडफोन लावून त्या खुर्चीत बसल्या आणि एक पाय हलवू लागल्या. दोन मिनिटं झाली, तांबेराच. खुट्ट काही होईना. त्यांनी आवाज वाढवला. तिसऱ्या मिनिटाला सल्लागाराने मधेच खोकून पुन्हा तांबेराच सांगायला घेतला. बाईंनी वहीत पहिली नोंद केली, ‘तांबेरा, खरा’, आणि पुढच्या डब्यासाठी शिडी ओढली.