हे घेऊ नका

अंधेरीच्या कोर्टात मी स्टेनो होतो, तेव्हाचे एक मॅजिस्ट्रेट साहेब विनोद करण्याआधी माझ्याकडे वळून म्हणायचे, "हे घेऊ नका." मी टाइपरायटरवरून बोटं उचलायचो. विनोद कसाही असो, वकील आधी हसायचे, मग पट्टेवाला. साहेब स्वतः हसत नसत. चष्मा काढून डोळे चोळत. समोर फायलींचा ढीग, आणि बहुतेकांना द्यायची ती नुसती पुढची तारीख. दिवस ढकलायचा तरी कसा?

एकदा वाकोल्याचा एक म्हातारा आरोपी उभा होता. नळावरच्या भांडणात शेजाऱ्याला बादली मारली, एवढाच गुन्हा. त्याची ती सातवी तारीख, आणि साक्षीदार पुन्हा गैरहजर.

"हे घेऊ नका," साहेब म्हणाले. "बाबा, इतक्या फेऱ्या तर आमचा जावईपण मारत नाही!"

सगळे हसले. म्हातारापण हसला, त्याने हात जोडले आणि पिंजऱ्यातून उतरून सरळ दाराकडे निघाला. पट्टेवाल्याने अडवलं, तर त्यालाच विचारतो, "सगळे हसले, मगे सुटलंय मां मी?"

"नाही बाबा, सुटला नाहीत," साहेबांनीच सांगितलं आणि आठवी तारीख दिली. मग मला म्हणाले, "हे घ्या. कोर्टाने विनोद केला. आरोपीला तो निकाल वाटला."

मी टाइप केलं.

विनोद त्यांनी पुढेही केले. फक्त आधी पिंजऱ्याकडे बघून बजावायचे, "हा निकाल नाही हां."

त्यानंतर वकीलसुद्धा हसत नसत.