फोनमध्ये वाढलेली मुलगी

चष्म्याच्या दुकानात ती सगळ्यांचीच ताई होती. मालक तिच्याहून वयाने मोठे, तेही तिला ताईच म्हणायचे. वाकडी झालेली फ्रेम हातात आली की ती आधी डोळ्यांसमोर आडवी धरायची, मग गरम वाळूत काडी खुपसून कानामागे बसेल असा बाक द्यायची आणि गिऱ्हाइकाला सांगायची, "आता जरा नाक मुरडा बघू. घसरला तर माझं नाव बदला." मोठमोठी माणसं आरशासमोर नाकं मुरडत उभी राहायची आणि मालक गल्ल्यामागे हसू दाबायचे.

लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहून तिला दिवस गेले. धाकटी बहीण, जिला घरात सगळे छोटी म्हणत, तिने लगेच एक ॲप सुचवलं. पोटातलं बाळ केवढं झालं, त्याला नखं आली की नाही, सगळं त्यात कळायचं. ताईने ते दुकानातच फोनवर घेतलं. नेहमीच्या सोशल मीडियाच्या खात्यानेच आत जाता येत होतं. पडद्यावर मजकुराची लांबलचक पट्टी आली, तिच्या तळाशी 'मान्य आहे' असं बटण. काउंटरवर एक आजोबा खोळंबले होते. तिने अंगठा टेकवला आणि आजोबांचा चष्मा हातात घेतला.

सातव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. मुलगी होती.

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. अबोल माणूस. ती दवाखान्यातून घरी येण्याआधीच त्याने स्वतः जोडलेला लाकडी पाळणा कुणाला तरी देऊन टाकला होता आणि त्या जागी कपड्यांचा स्टँड आणून ठेवला होता. तिनेही विचारलं नाही. शेजारीपाजारी, दुकानातली माणसं, सगळ्यांनी जणू तोंडाला कुलूप लावलं. "मनावर घेऊ नकोस" एवढं म्हणून प्रत्येक जण विषय बदलायचा.

फोनने मात्र विषय बदलला नाही. तिने ते ॲप कधीच काढून टाकलं होतं. तरी ज्या आठवड्यात बाळंतपण व्हायचं होतं, त्याच आठवड्यात पडद्यावर ओळ उमटली, 'अभिनंदन! बाळाच्या पहिल्या आंघोळीसाठी.' मग दुधाच्या बाटल्या आल्या. मग दात येताना चावायची रबरी खेळणी. दुकानात एकदा कुणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू पिळता पिळता तिची नजर बाजूच्या फोनवर गेली. मऊ तळव्यांचे इवलेसे बूट, खाली 'आता बाळ चालायला लागेल ना?' तिने पेचकस खाली ठेवला. "चक्कर आली," म्हणून ती मागच्या खोलीत जाऊन बसली आणि काचा घासायचं यंत्र सुरू करून त्या आवाजात रडली.

हे कळल्यावर छोटीच्या अंगाचा तिळपापड झाला. फोनच्या सेटिंगमध्ये शिरून तिने 'अशा जाहिराती कमी दाखवा' वर दाबलं. दोन दिवस शांतता, मग पुन्हा तेच. पुढे सोशल मीडियाच्या खात्यावर एक नवीनच पान उघडलं. कायदा बदलला होता. जाहिरातींसाठी खासगी माहिती वापरायला आता परवानगी लागणार होती. पानावर दोनच वाटा होत्या. दर महिन्याला पैसे भरा, नाहीतर मान्य करा.

"ही कसली परवानगी?" छोटी म्हणाली. "गळा धरून विचारतायत. आपण तक्रार करू."

खासगी माहितीचं रक्षण करणारं एक सरकारी कार्यालय होतं. तिथल्या बाई फोनवर नीट बोलल्या. "ॲप घेताना तुम्ही ही माहिती सोशल मीडियाच्या कंपनीला द्यायला संमती दिली होती. ती मागे घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. कारण कळवायची सक्ती नाही."

"पण मला कारण कळवायचंय," ताई म्हणाली. "ती जन्मलीच नाही, हे त्यांना कुठे सांगायचं? तसं बटणच नाहीये."

बाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही मला सांगा. मी लिहून घेते."

तेवढ्यावर ताईचा बांध फुटला. आजवर तिला एवढं कुणी विचारलं नव्हतं.

कंपनीने बरेच आढेवेढे घेतले. तक्रार या टेबलावरून त्या टेबलावर गेली. नवरा वैतागला. "किती दिवस तेच उकरत बसणार आहेस? फोन फेकून दे, विषय संपला." मुलीचा शब्द त्याच्या तोंडून एकदाही आला नाही. तो म्हणायचा 'ते'. ते झालं तेव्हा. ते सगळं.

शेवटी निकाल तिच्या बाजूने लागला. आरोग्याविषयीची माहिती तशा एका बटणावर घेताच येत नाही, असं कार्यालयाने ठरवलं आणि कंपनीला तिच्याबद्दलचं सगळं पुसायला लावलं. छोटी नाचायचीच बाकी होती. नवराही बऱ्याच दिवसांनी हसला. "सुटलो एकदाचे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ताईने फोन उघडला. भिंतीचा रंग. गाडीचे टायर. गुडघेदुखीचं मलम. ती वर सरकवत राहिली, पुन्हा वर, पुन्हा वर. कुठेच काही नव्हतं.

आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नाही. शेवटी तिने छोटीला सांगितलं. "तू हसशील. पण अख्ख्या जगात त्यांनाच तेवढं माहीत होतं, ती केवढी झाली असती ते."

छोटी हसली नाही.

ताईने कार्यालयात पुन्हा फोन लावला. "मी परवानगी परत दिली तर? ते पुन्हा येईल का?"

"काय येईल?"

"तिचं. आता ती बोलायला लागली असती."

"ताई," बाई म्हणाल्या, "पुसलेली माहिती परत येत नाही. त्यासाठीच तर आपण भांडलो."

तरी तिने पुन्हा मान्य केलं. दुपारच्या सुट्टीत ती स्वतःच शोधू लागली. दोन वर्षांच्या मुलीचे फ्रॉक. चित्रांची पहिली पुस्तकं. जाहिराती आल्या, पण सगळा सावळागोंधळ. आज तान्ह्याचे लंगोट, उद्या मोठ्या मुलाची सायकल. कुणाच्याही घरातली कुणाचीही पोरं. त्यात तिची नव्हती.

एका रविवारी नवऱ्याने मागून पडदा पाहिला. "पुन्हा सुरू केलं त्यांनी? थांब, मीच बोलतो त्यांच्याशी."

"त्यांनी नाही. मीच शोधतेय."

तो समोरच्या खुर्चीत बसला. "का?"

"तुझ्या मनात येतं का रे कधी? ती आत्ता इथे काय करत असती?"

त्याने ग्रीसने काळ्या पडलेल्या नखांकडे पाहिलं. "माझ्या मनात नकोच यायला," एवढंच म्हणाला आणि उठून स्वयंपाकघरात गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. खाली भांडं नव्हतं. पाणी नुसतं सिंकवर आदळत होतं. तो रडतोय हे तिला कळत होतं. चार पावलांवर होता. उठून जावं, पाठीवर हात ठेवावा, असं तिला वाटलंही. पण ती जागची हलली नाही, आणि त्यानेही नळ बंद केला नाही.